शासकीय अपयश
शासकीय हस्तक्षेपाने समाजकल्याण वाढण्याऐवजी घटणे, म्हणजे शासकीय अपयश. ही संकल्पना १९६० नंतर अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांच्या विचारांच्या खंडनातून जन्मली, असे सर्रास मानतात. ते अर्धसत्य आहे. बाजार चुकतो तेथे कर वा अनुदान सुचवणाऱ्या पिगूंनीच १९१२ मध्ये बजावले होते की, सदोष बाजाराची तुलना अभ्यासिकेत कल्पिलेल्या निर्दोष शासनाशी करू नये. अनुयायांनी सूत्र उचलले, इशारा मात्र ते विसरले. रोनाल्ड कोस (१९६०) यांनी प्रत्यक्ष व्यवस्थांची तुलना मागितली. ब्यूकॅनन व टुलक (१९६२) यांनी मतदार व राजकारणी यांनाही बाजारातील माणसाचेच हेतू लावले. यात लोकसेवेची प्रेरणा नाकारली जाते, हा आक्षेप रास्त आहे. पण नियम केवळ सज्जनांच्या भरवशावर आखता येत नाहीत.

ॲन क्रूगर यांनी १९७४ मध्ये शासकीय परवाने मिळवण्याच्या चढाओढीचा हिशेब मांडला. भारतात १९६४ साली परवान्यांसारख्या नियंत्रणांतून उपजणारा लाभ त्यांच्या अंदाजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होता. हा सगळा लाभ चढाओढीत वाया जातो, हे त्यांचे गृहीतक कडक आहे. लाच हे निव्वळ हस्तांतर असू शकते; म्हणून हा आकडा चढाओढीतून होणाऱ्या हानीची कमाल मर्यादा समजावा.