सेवाशोध, व्यक्तिसापेक्ष

सेवा कोणत्या खात्याची आहे हे नागरिकाने हुडकत बसण्याऐवजी त्याची गरज, पात्रता आणि क्षमता पाहून योग्य डिजिटल सेवा त्याच्यापुढे आणण्याची पद्धत. भारतातील ठळक उदाहरण म्हणजे केंद्र सरकारचे ‘मायस्कीम’ हे संकेतस्थळ. डिजिटल इंडिया सप्ताहात, ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगरला त्याचे उद्घाटन झाले. वय, राज्य, सामाजिक प्रवर्ग, अपंगत्व, उत्पन्न असे मोजके प्रश्न विचारून ते केंद्राच्या व राज्यांच्या योजना गाळून देते.

ही चाळण दिसते तितकी सोपी नाही. दारिद्र्यरेषेखालील ३८ वर्षांच्या विधवेला इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन मिळत नाही. तिथे किमान वय ४०. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत मात्र ती बसू शकते. ६० टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्याचेही तेच : केंद्राच्या निवृत्तिवेतनाला ८० टक्के लागतात, राज्याच्या योजनेला ४०. एखादे उत्तर चुकले तर पात्र माणूसही यादीबाहेर राहतो. शिवाय यादीत योजना दिसली म्हणजे लाभ मंजूर झाला असे नाही. तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासारखी कागदपत्रे लागतातच.

गरजेनुसार शोध असा बराच पुढे गेला, क्षमतेनुसार शोध मात्र रखडला. अपंगत्वाची विचारणा होते ती पात्रतेपुरती. तोच प्रश्न अंध व्यक्तीला स्क्रीन रीडरवर नीट ऐकू येतो का, थरथरत्या हाताला बटण सापडते का, ही बाब निराळी. ग्रेग व्हँडरहायडन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘ग्लोबल पब्लिक इन्क्लुझिव्ह इन्फ्रास्ट्रक्चर’ने नेमकी हीच बाजू धरली. अक्षरांचा आकार, रंगांतला उठाव, वाचून दाखवण्याचा वेग वापरणाऱ्याने एकदाच नोंदवायचा. पुढे समोर येईल ते यंत्र त्याच्यापुरते तसे व्हावे. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लाउडफॉरऑल’ या युरोपीय प्रकल्पात त्यावर काम झाले.

महाराष्ट्रात क्षमतेनुसार शोधाची ही उणीव बहुधा ‘आपले सरकार सेवा केंद्रा’चा चालक भरून काढतो. अर्ज तो भरतो; ओटीपी मात्र नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात असला की काम तिथेच अडते.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची, म्हणजे ओळख पडताळण्याची, प्रक्रिया दिव्यांगांना जमेल अशी करण्याचे निर्देश दिले. त्यातल्या एका याचिकेच्या मुळाशी एक साधी अट होती : कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते शक्यच नव्हते.