कल्याणीच्या राजाचा गीतविनोद

बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे आज तालुक्याचे गाव आहे. भोवती काळी रान, जोंधळा आणि तूर. कानांवर कानडी, मराठी आणि दखनी अशा तिन्ही बोली एकाच बाजारात पडतात. गावचा किल्ला पाहावयास मिळतो, परंतु त्याचे आजचे रूप बहुतांशी उत्तरकालीन आहे. ज्या कल्याणीतून चालुक्यांनी दक्षिणेचा मोठा भाग राखला, तिचा पुरावा दगडांत फारसा उरलेला नाही. जवळच्या नारायणपूरचे शिवालय आणि हुमनाबाद तालुक्यातील जलसंगीचे मंदिर यांवरून थोडी कल्पना येते, इतकेच. जलसंगीच्या भिंतीवर एक स्त्री अक्षरे कोरीत उभी आहे, आणि ती जी अक्षरे कोरते आहे ती विक्रमादित्याच्या स्तुतीची आहेत.

हा विक्रमादित्य म्हणजे चालुक्य घराण्यातील सहावा. आजच्या कलबुरगी जिल्ह्यातील मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट, सोडून चालुक्यांनी अकराव्या शतकाच्या मध्यास राजधानी कल्याणीस आणली आणि १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे विक्रमादित्याने ती गाजविली. काश्मीरहून आलेला बिल्हण कवी त्याच्या पदरी होता. ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर त्याच नगरीतला. असा पिता लाभलेल्या तिसऱ्या सोमेश्वरावर इतिहासकारांची मर्जी मात्र बेताचीच दिसते. बारा वर्षांच्या त्याच्या कारकीर्दीत मांडलिक शिरजोर झाले, दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन हातपाय पसरू लागला, आणि हा राजा ग्रंथ लिहीत बसला, असा ठपका त्याच्यावर आहे. ठपका खोटा नाही. परंतु जे मुलूख त्याने राखावयास हवे होते ते पुढे कोणाच्याच हाती राहिले नाहीत. ग्रंथ तेवढा राहिला.

हा ग्रंथ ‘मानसोल्लास’, अर्थात ‘अभिलषितार्थचिंतामणि’. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ हा त्याचा काळ. भाषा संस्कृत, अध्याय शंभर, आणि ते वीस-वीसांच्या पाच विंशतींत विभागलेले. राज्य कसे मिळवावे आणि कसे स्थिर करावे हे दोन विंशतींत आटोपून राजा उपभोगाकडे, विनोदाकडे व क्रीडेकडे वळतो, आणि तेथे त्याची लेखणी खरी रमते. अन्नाच्या प्रकरणात पुरण भरलेली पोळी आहे, वडे आहेत. आजच्या इडलीचे पूर्वज मानले जाणारे पक्वान्नही आहे.

शेवटच्या विंशतीत वीस क्रीडा सांगितल्या आहेत. त्यांतील कितीतरी उघड्यावरच्या आहेत: वनक्रीडा, झोक्यावरची आंदोलनक्रीडा, नदीकाठच्या वाळूतील वालुकाक्रीडा, चांदण्यातील ज्योत्स्नाक्रीडा. शाद्वलक्रीडा म्हणजे हिरवळीवरचा मेळावा आणि सस्यक्रीडा म्हणजे उभ्या पिकातला. हे शेवटचे नाव वाचताना, पौष-माघात जोंधळ्याची कोवळी कणसे आगटीत भाजून हुरडा चोळणारी बीदर-भालकीकडची मंडळी आठवल्यावाचून राहत नाही. दुपार कलली आहे, काम नाही, आणि कोणी जुना जाणता गळा मोकळा करून म्हणतो आहे; या सुखाची राजाला चांगली पारख होती. त्याने या सुखासाठी केवळ वेळ काढला असे नव्हे, त्याचे शास्त्र लिहिले.

गीत, वाद्य व नृत्य हे विषय त्याच्या चौथ्या विंशतीत येतात. तीत हत्तींचा खेळ, मल्लयुद्ध, मृगया असे दरबारी शोकही आहेत. गीतविनोदात तो राग आणि प्रबंध यांची चर्चा करतो. येथवर तो अन्य संगीतकारांसारखाच आहे. परंतु कोणते गीत कोठे गातात हे सांगू लागताच तो दरबाराबाहेर पडतो. विवाहात धवल, उत्सवात मंगल, योगिजनांच्या मुखी चर्या. आणि महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे तो नोंदवून ठेवतो.

हे वाक्य लहान आहे, पण त्याचे मोल मोठे आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्याआधी एकशे एकसष्ट वर्षे ओवीचे नाव, तिचा मुलूख, तिच्या गायिका आणि गाण्याचा प्रसंग या चार गोष्टी कानडी मुलुखातील राजधानीत बसलेल्या राजाने लिहून ठेविल्या. ज्या ग्रंथात रिकामपणाचे एवढे कौतुक, त्यात रिकामपण कधी न लाभलेल्या बायांचे गाणे सापडावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. उखळात पडणाऱ्या मुसळाला जो ताल हवा, त्यातून ते गाणे चालत होते. ते कोणी आरामात ऐकावे म्हणून म्हटलेले नव्हते. ऐकणारा ऐकून गेला, एवढेच.

याच प्रकरणात मत्स्यादी अवतारांची पदे आहेत आणि त्यांतील काहींची भाषा जुनी मराठी असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. कर्नाटकातील श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध मराठी शिलालेखाशेजारी ही पदे ठेवली की, मराठीच्या बालपणीचे कागद कानडी घरात जपले गेले असे म्हणावे लागते. उभय बाजूंच्या सीमावादी वक्त्यांना हे फारसे सोयीचे नाही.

सोमेश्वराचा पुत्र जगदेकमल्ल याने ‘संगीतचूडामणि’ लिहिला. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडील शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त पूर्वाचार्यांची नावे घेतली, त्यांत या पितापुत्रांचा समावेश केला. त्यानेही ओवीचे लक्षण दिले आहे: यमक साधणारे तीन खंड, देशभाषा, आणि अखेरीस ‘ओवी’ हा शब्द. सोमेश्वराने नोंदविलेला धवल त्याच शतकात महदंबेच्या ‘धवळ्यां’त मराठी कवितेला येऊन मिळाला.

कल्याणी मात्र टिकली नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलचुरी बिज्जलाने चालुक्यांचे राज्य बळकाविले. त्याच्याच दरबारी असलेल्या बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांनी कानडीत वचने रचली, आणि गावाला आज त्यांचेच नाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले तेव्हा जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला: बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुराकडे, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबईकडे, जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे. रेषेच्या अलीकडे जात्यावर ओवी होती, पलीकडे त्रिपदी. मध्ये असलेल्या गावांत एकाच जात्याने दोन्ही ऐकल्या असतील.

पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. उखळ त्याच्याही आधी थांबले होते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या वेचल्या. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखावर ओव्या लिहून घेतल्या. त्या सांगणाऱ्या पुष्कळ बाया म्हाताऱ्या होत्या, आणि हात जात्याच्या खुंट्यावर ठेवल्यावाचून त्यांतील कित्येकींना ओवी आठवत नसे.