फसलेल्या गोळीची गोष्ट

मावशीच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी रोज एक गोळी, तीही पाच वर्षं, घ्यायला सांगितली. "गाठ काढली ना, मग आता गोळी कशाला?" हा तिचा प्रश्न. उत्तर शोधताना कळलं, की तिच्या टॅमॉक्सिफेनचा जन्म इथलाच, मँचेस्टरजवळच्या चेशायरमधला.

गोष्टीची सुरुवात मात्र ग्लासगोची. अंडाशय काढल्यावर स्तनाच्या गाठी विरघळल्याचं डॉ. जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं, की पुरुषी संप्रेरक रोखले तर प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं.

आयसीआय कंपनीच्या ऑल्डर्ली पार्कमधल्या प्रयोगशाळेत आर्थर वॉलपोल यांचा गट गर्भनिरोधक गोळी शोधत होता. १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन यांनी एक रसायन तयार केलं. उंदरांमध्ये गर्भ राहीना. स्त्रियांमध्ये मात्र उलटंच, त्याने बीजनिर्मितीला चालना मिळाली! गर्भनिरोधक म्हणून गोळी फसली.

पण ती इस्ट्रोजेनला अडवते, हे वॉलपोल विसरले नाहीत. बऱ्याच स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनसाठी जणू कुलूप असतं; किल्ली बसली की पेशी वाढते. ही गोळी त्या कुलपात आधीच जाऊन बसते. मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात डॉ. मेरी कोल यांनी ती ४६ रुग्णांना दिली. दहाजणींना स्पष्ट गुण आला, तोही कमी त्रासात. हे १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली.

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. गाठ काढली तरी चुकार पेशी शरीरात लपून राहू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षं कुलूप अडवून ठेवायचं. ज्यांच्या गाठीत ते कुलूप असतं, त्यांच्यात पाच वर्षांच्या गोळीने पुढच्या पंधरा वर्षांतले स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. कुलूप नसेल तर गोळीचा उपयोग नाही. म्हणून आधी तपासणी.

अंगातून वाफा येतात, झोप उडते, म्हणून काहीजणी ती गुपचूप सोडतात. मावशीनेही सोडली होती. तिने हे घरात सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. डॉक्टरांशी बोलल्यावर त्रासावर उपाय निघाला आणि गोळी पुन्हा सुरू झाली.

यंदा फराळाला बसाल, तेव्हा आई, काकू, मावशीला एवढंच विचारा : "गोळी चालू आहे ना? त्रास होतोय का?"