भूमी, भूगर्भ आणि समुद्रतळ : मोजणीच्या तीन वह्या

तमिळनाडूत कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोविंदपुरम् नावाचे गाव आहे. नामसिद्धांताचे प्रवर्तक बोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान तेथे आहे आणि २०११पासून विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिरही उभे आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तेथे अभंग ऐकू आले की आपण नक्की कोठे आहोत असा क्षणभर प्रश्न पडतो. १६७६ साली एकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ साली ते राज्य खालसा झाले. या पावणेदोनशे वर्षांत मराठी भाषा कावेरीकाठी रुजली, तिचाच हा प्रतिध्वनी. ही बाजू अनेकांनी लिहिली आहे. मला मात्र त्या परिसराची जमीन अधिक बोलकी वाटली. चहूकडे भातखाचरे, पाटाचे पाणी आणि माड. दृष्टीच्या टप्प्यात टेकडी म्हणून नाही. देशाच्या मोजणीच्या इतिहासात या सपाटपणाने एक अवघड प्रसंग उभा केला होता.

जमीन मोजण्याची परंपरा या प्रदेशात फार जुनी आहे. राजराज चोळाने इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या आरंभी जमिनीची सविस्तर मोजणी करविली. 'वेली' हे तेथील क्षेत्रमाप, सुमारे साडेसहा एकरांचे. तंजावरच्या शिलालेखांत साराआकारणीसाठी या वेलीचा ५२ अब्ज ४२ कोटी ८८ लाखावा भागही हिशेबात धरलेला आढळतो, असे अभ्यासक नोंदवतात. एवढा तुकडा कोणी दोरीने मोजला नसणार, हे उघड आहे. तरीही सरकारी हिशेबातून काहीच निसटू नये ही कारकुनी जिद्द हजार वर्षांपूर्वीची आहे, हे पाहून आजच्या महसूल खात्यातील माणसाला घरच्यासारखे वाटते. ही झाली पहिली वही, जमिनीची. तिचा प्रश्न एकच : हे शेत कोणाचे आणि सारा किती?

दुसरा प्रश्न १८०० साली विल्यम लॅम्ब्टन या लष्करी अधिकाऱ्याने विचारला. टिपूच्या पाडावानंतर कंपनीच्या हाती विस्तीर्ण मुलूख आला होता. तो मुलूख पृथ्वीच्या पाठीवर नेमका कोठे आहे, हे त्याला ठरवायचे होते. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथून त्याने साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला घेतली. साखळीने ती मोजायला ५७ दिवस लागले. पुढचे सारे काम कोनांचे होते. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्यापुढचा. मद्रासपासून मंगळूरपर्यंत ही साखळी पोहोचली तेव्हा द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी भरली. जो भूभाग कागदावर होता आणि पृथ्वीवर नव्हता, तो एका हिशेबाने पुसला गेला.

या पद्धतीला उंच जागा लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ती कोठून आणायची? माडांच्या वर डोके काढणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे देवळे. म्हणून १८०८ साली लॅम्ब्टनचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानावर चढविण्यात येत होता. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. दुसरे यंत्र विलायतेहून येईपर्यंत काही वर्षे गेली असती. लॅम्ब्टनने स्वतःला कोंडून घेऊन सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ पुन्हा आकारात आणले आणि काम चालू ठेवले. तेव्हा तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे दुसरे होते. याच मंदिराच्या भिंतीवर त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राजा आपल्या वंशाचा इतिहास दगडावर नोंदवीत होता आणि त्याच दगडांवरून कंपनी त्याच्या मुलखाची मोजणी करीत होती.

लॅम्ब्टनची वाट पुढे उत्तरेकडे वळली आणि विदर्भात संपली. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. त्याच्या मोजणीत हेन्री व्हॉयसी नावाचा शल्यवैद्य होता. तो भूवैज्ञानिक म्हणूनही नेमलेला होता. हैदराबाद परिसराचा भूशास्त्रीय नकाशा त्याने तयार केला. म्हणजे दुसरी वही, भूगर्भाची, पहिल्यांदा उघडली ती या मोजणीच्या तंबूत. १८५१ साली थॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झाले, ते मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी. पण त्याच्या लोकांनी कावेरीच्या उत्तरेस अरियलूर भागात समुद्री जीवांचे विपुल जीवाश्म नोंदविले. आज जेथे नांगर चालतो तेथे क्रिटेशस काळात समुद्र होता. कावेरीच्या खोऱ्याचे खडक किनाऱ्यापाशी थांबत नाहीत, ते समुद्राखाली तसेच पुढे जातात.

तिसरी वही समुद्रतळाची. ती नाविकांसाठी लिहिली गेली. येथे प्रशासनाच्या दृष्टीने मोठी अडचण आहे. जमिनीवरील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. भारतासाठी ते शून्य विसाव्या शतकाच्या प्रारंभी नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरले. त्यांत मुंबई आणि कारवार आहेत, तसेच गोविंदपुरम्‌च्या बाजूचे नागपट्टिनमही आहे. सागरी नकाशातील खोली मात्र ओहोटीच्या जवळजवळ नीचतम पातळीपासून मोजतात, कारण जहाजाला सर्वांत उथळ पाणी किती हे कळायला हवे. दोन्ही शून्ये आपापल्या कामासाठी योग्य आहेत. पण दोन्ही नकाशे किनाऱ्यावर एकमेकांना जोडायला घेतले की पायरी पडते.

२६ डिसेंबर २००४ रोजी नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे त्सुनामीत गेली. त्या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोलीवर ती ताशी सुमारे ७०० किलोमीटरने धावते, दहा मीटर खोलीवर ताशी सुमारे ३६ किलोमीटरने. आणि वेग घटतो तशी तिची उंची वाढते. कोणत्या गावात पाणी किती आत शिरेल, हे सांगायला समुद्रतळ आणि जमीन यांचा एकसंध नकाशा लागतो. हैदराबादेत २००७ साली त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले, तेव्हापासून ही जोडणी देशाच्या कामाचा भाग झाली. किनाऱ्यावरील ती पायरी माणसांच्या जिवावर बेतू शकते, हे आपल्याला फार मोठी किंमत देऊन कळले.

भूगर्भाच्या वहीनेही या प्रदेशाला एक धडा दिला. खोऱ्यात तेल-वायू आहे, हे भूकंपलहरींच्या सर्वेक्षणांतून तज्ज्ञांना ठाऊक होते. शेतकऱ्याला ते कळले गावात यंत्रे आल्यावर. २०१७ साली पुदुकोट्टै जिल्ह्यातील नेडुवासल येथे मोठे आंदोलन झाले आणि २०२० साली तमिळनाडू विधानसभेने त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरविणारा कायदा केला. ऊर्जेची गरज खरी आहे आणि शेतकऱ्याची भीतीही खरी आहे. पण आपल्या पायाखाली काय आहे हे ज्याला सर्वांत शेवटी कळते, त्याच्याकडून विश्वासाची अपेक्षा कशी करावी?

अलीकडे दारे उघडू लागली आहेत. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरील अनेक निर्बंध सैल केले, डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले आणि डिसेंबर २०२३मध्ये भूवैज्ञानिक माहितीचे राष्ट्रीय भांडार खुले झाले. पण माहिती खुली असणे आणि ती पोहोचणे यांत अंतर आहे. गावकरी आजही पट्टा, चिट्टा, अडंगल एवढेच ओळखतो, जसा आपला शेतकरी सातबारा ओळखतो. त्या उताऱ्यावरील गटक्रमांक भूगर्भाच्या किंवा समुद्रतळाच्या नकाशाशी जुळतोच असे नाही. गावनकाशे साखळीने मोजलेले, प्रत्येक गाव जणू आपल्यापुरते स्वतंत्र.

माझ्या मते पुढच्या पिढीतील अधिकाऱ्यांचे काम येथे आहे. तिन्ही वह्या एका संदर्भावर आणायच्या आणि त्यांतून प्रत्येक गावासाठी त्याच्या भाषेत एक पान तयार करायचे : शेत कोणाचे, खाली कोणता खडक आणि किती पाणी, आणि समुद्र आला तर कोठपर्यंत. लॅम्ब्टनने आपले त्रिकोण साम्राज्यासाठी जोडले. तेच त्रिकोण आता गावाच्या उपयोगी पडावेत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.