डेमनस्टीलर : मुंबईतील एकल हेवी मेटल

मुंबईचे गायक-गिटारवादक साहिल मखीजा यांनी ‘डेमनस्टीलर’ या नावाने केलेली ध्वनिमुद्रणे हे भारतीय हेवी मेटलमधील एकल कारकिर्दीचे ठळक उदाहरण आहे. त्यांचा मूळ बँड ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ २००० साली स्थापन झाला. एकल काम या बँडच्या बरोबरीने चालले; बँड मोडून एकट्याने निघालेल्या गायकाची ही कथा नाही.

मुंबईत इंग्रजी रॉकची परंपरा त्याआधीची. ‘रॉक मशीन’ हा बँड १९८४ मध्ये उभा राहिला आणि पुढे ‘इंडस क्रीड’ म्हणून ओळखला गेला. १९८६ पासून भरणारा ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव अनेक वर्षे धोबी तलावाजवळच्या रंगभवनात होत असे. बरेच बँड परदेशी गाणीच वाजवत. मूळ कॅसेट हवी तर काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’सारखे दुकान गाठावे लागे. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी कॅसेटचा जमाना आला तो भजने, लोकगीते आणि भीमगीते घेऊन. मेटलचा संसार मोठ्या शहरांपुरताच राहिला. त्यातही रंगभवनातले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडले.

चित्रपटसंगीतावर चालणाऱ्या कंपन्यांना या संगीतात रस नव्हता. मखीजा यांनी स्वतःच ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ काढली. बँडचा ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) तिथूनच आला आणि इतर भारतीय बँडचे अल्बमही तिने प्रसिद्ध केले. गायक, वादक, ध्वनिमुद्रक, प्रकाशक ही सगळी कामे एकाच माणसाच्या अंगावर पडली. एकल अल्बमची तयारी अशी गरजेपोटीच होत गेली, असे म्हणायला हरकत नाही. ‘...अँड केऑस विल रेन’ हा पहिला एकल अल्बम २००८ साली आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘आयर्न मेडन’ने मुंबईत कार्यक्रम केला होता, म्हणजे श्रोता होता, त्याच्यापर्यंत इथले संगीत पोहोचवणारी यंत्रणा तेवढी नव्हती. २०१० मध्ये ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ला ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा पुरस्कार मिळाला.

दुसरा एकल अल्बम यायला आठ वर्षे गेली. ‘दिस बर्डन इज माइन’ (२०१६) मध्ये ड्रम वाजवले ते ‘नाइल’ या अमेरिकी बँडचे ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास यांनी. अशा दूरस्थ कामात आधी गिटारचा कच्चा ट्रॅक एका ठरावीक लयीच्या ‘क्लिक’वर बसवतात आणि तो ड्रमरकडे पाठवतात. ड्रमर आपल्या स्टुडिओत प्रत्येक ड्रमसमोर वेगळा माइक लावून वाजवतो आणि वेगवेगळ्या ट्रॅकच्या फाइल परत पाठवतो. मग त्यावर पक्क्या गिटार चढतात, आणि बहुधा शेवटी गळा. मेटलमधली गुरगुर नुसत्या आरड्याओरड्याने निघत नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांच्या कंपनातून ती काढावी लागते, आणि श्वासाचा आधार सुटला तर गळा बसतो. मखीजा या गुरगुरीला सरळ, सुरेल गायनाची जोड देतात.

बँडचा ‘दशावतार’ (२०१७) मत्स्यापासून कल्कीपर्यंत दर अवताराला एक गाणे देतो. कोकणातल्या दशावतारी खेळांशी त्याचा संबंध नाही. विषय मात्र मराठी श्रोत्याला पाठ असलेला.

एकल अल्बमचा रोख निराळा आहे. ‘द प्रोपगंडा मशीन’ (२०२३) हा अपप्रचार, द्वेषाचे राजकारण आणि हुकूमशाही यांवरचा अल्बम असून त्याची गाणी उघडपणे राजकीय आहेत. त्यात हानेस ग्रोसमन, जेम्स पेन, सेबास्टियन लान्सर असे एकाहून अधिक ड्रमर आहेत आणि बासवादकही अनेक. ‘एकल’ ही पाटी इथे रचना, गायन आणि निर्णय यांपुरतीच खरी. वादकांची फळी तर बँडहून मोठी आहे. मात्र इतक्या देशांतले वादक एका मंचावर आणणे खर्चाच्या दृष्टीने अवघड असल्याने हे संगीत प्रामुख्याने ध्वनिमुद्रणातच जगते. शिवाय त्यावर घर चालणे कठीण; मखीजा यांना मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला तो ‘हेडबँगर्स किचन’ या यूट्यूबवरच्या पाककृतींच्या वाहिनीने, तोही मुख्यतः किटो आहाराच्या पदार्थांमुळे.