उन्हाने नेलेलं पाणी

नदीकाठची खडी खणली की भूजल उघडं पडतं आणि ऊन ते पिऊन टाकतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ठरवलं, की असा खड्डा म्हणजे विहीरच! म्हणजे उडालेलं पाणी मालकाने नदीला भरून द्यायचं. (१९८९च्या कायद्याने १९८१पूर्वीचे खड्डे सुटले. पळवाटा सगळीकडेच!)

आमच्या शहापुरात खड्डा नाही, अख्खे तलावच आहेत. तानसा १८९२पासून मुंबईची तहान भागवतोय, मग भातसाही आला. वाफ झालेलं पाणी धरणाच्या हिशेबात 'घट' म्हणून मांडतात. मुंबईला गेलेलं पाणीही मोजलं जातं. पण शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, ती घट कुणाच्या खात्यावर?