जर्मन स्ट्रीटचा इंग्लिश स्ट्रीट झाला तेव्हा

अमेरिकेत राहत असाल, तर तुमच्या गल्लीत एखादं मिलर कुटुंब नक्की असेल. मूळ कुठलं म्हणून विचारलंत, तर उत्तर लगेच मिळेल : थोडे जर्मन, थोडे आयरिश. २०२०च्या जनगणनेत सुमारे साडेचार कोटी गोऱ्या अमेरिकनांनी आपलं मूळ जर्मन असल्याचं नोंदवलं. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी जर्मन बोलली जात नाही. मूळ आठवतं आणि भाषा नाही, असं कसं झालं?

ओहायोतल्या सिनसिनाटी शहराचं उदाहरण घ्या. तिथे कालव्यापलीकडे जर्मनांची इतकी दाट वस्ती होती, की लोक त्या कालव्याला गमतीने ऱ्हाइन म्हणत. त्या भागाचं नाव आजही 'ओव्हर द ऱ्हाइन' आहे. १८४०पासून इथल्या सरकारी शाळांत मुलं जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांत शिकत. जर्मन वर्तमानपत्रं, चर्च, गायनमंडळं, बिअर गार्डन, सगळं होतं. आपण इथे जे मंडळ आणि शाळा चालवतो, त्याच्या कितीतरी पट मोठा हा संसार होता.

एप्रिल १९१७मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. १९१८मध्ये सिनसिनाटीतल्या जर्मन स्ट्रीटचा इंग्लिश स्ट्रीट झाला, ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट. त्याच वर्षी आयोवाच्या गव्हर्नरने फर्मान काढलं : शाळेत, चर्चमध्ये, रेल्वेत, इतकंच काय, टेलिफोनवरही इंग्रजीच बोलायची. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने फासावर लटकवलं.

१९१९मध्ये नेब्रास्काने कायदा केला, की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. पुढच्या वर्षी रॉबर्ट मायर या शिक्षकाने दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवल्या. त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. मायरने दंड भरून प्रकरण मिटवलं नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ जून १९२३ रोजी तो जिंकला. मुलांना काय शिकवायचं हे ठरवण्याचा आईवडिलांचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

इथे आपला एक धागा जुळतो. त्याच न्यायालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारलं होतं. कारण भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही. म्हणजे जर्मनांची भाषा संशयित ठरली, पण त्यांचं गोरेपण कुणी काढून घेतलं नाही. म्हणूनच म्युलरचा मिलर होऊन ते गर्दीत मिसळू शकले. थिंड यांना ती वाट नव्हती. आज 'थोडे जर्मन' हे उत्तर इतकं सहज येतं, त्यामागे हा फरक आहे. त्यांचं मूळ हवं तेव्हा सांगता येतं, नको तेव्हा झाकता येतं. तुमच्याआमच्या मुलांना मूळ विचारलं जातं ते चेहरा पाहून.

भाषेचा सगळा दोष युद्धाला देता येणार नाही. १८८०च्या दशकात सुमारे साडेचौदा लाख जर्मन अमेरिकेत आले. पुढे तो ओघ आटला. इथे जन्मलेली मुलं युद्धाआधीच आपसांत इंग्रजी बोलू लागली होती. भाषा घरातून हळूहळू निघालीच होती. युद्धाने तिला घाईघाईने बाहेर काढलं. त्यामुळे १९२३चा निकाल उशिरा आला. हक्क परत मिळाला, पण तो वापरणारी घरं तोवर कमी झाली होती.

आज सिनसिनाटीत ऑक्टोबरफेस्टला लाखो लोक जमतात. बिअर असते, सॉसेज असतात, बँड असतो. सणाला भाषा लागत नाही, हे आपल्या गणेशोत्सवालाही लागू आहे. ढोल आणि मोदक पुढच्या चार पिढ्या सहज टिकतील. मराठी मात्र कुणी बंदी न घालताही जाऊ शकते. आपल्याला ना आयोवाचं फर्मान आहे, ना पंचवीस डॉलरचा दंड. आपल्यासमोर फक्त रविवारची सकाळ आहे, आणि शाळेत जायला कंटाळलेलं मूल. तेवढ्यावरही पुष्कळ काही ठरतं, हे त्या मिलर कुटुंबाकडे पाहून लक्षात ठेवा.